आमच्या परड्यातलं टर्फ आणि त्याखालची भानगड

फोटो टाकल्यापासून जो तो विचारतोय, घरामागे टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं गवत, घातलंय म्हणे, किती पडलं, कुणाकडून केलं, गवत कुठल्या कंपनीचं. कंपनीचं नाव मी कुणाला सांगत नाहीये कारण खरं सांगू का, या सगळ्यात गवताची डोकेदुखी सगळ्यात कमी होती. गवत येतं, पसरतं, चिकटतं, फोटोत झकास दिसतं. आमचे पैसे, झोप आणि घरातली भांडणं जी गेली ती त्याच्या खालच्या दीड फुटात. त्यामुळे ही पोस्ट निम्म्याहून जास्त माती आणि मुरमाची आहे, हिरवळ बघायला आलेल्यांनी आत्ताच कल्टी मारली तरी चालेल.

आम्ही सांगलीचे. घरामागे परडं आहे, ७५ बाय २४ फूट, म्हणजे १८०० स्क्वेअर फूट. तिथं एक शेवगा, एक पारिजातक, कपडे वाळत घालायच्या तारा, मोरीच्या पाण्यावर माजलेलं सासूबाईंचं अळू आणि उरलेल्या जागेत गाजरगवत. लेक क्रिकेट खेळते. आता सांगलीत पोरगी क्रिकेट खेळते म्हटल्यावर कुणाला नवल वाटत नाही, विजय हजारे इथलेच जन्मलेले आणि स्मृती मानधना इथंच लहानाची मोठी झाली, त्यामुळे गल्लीत दर तिसऱ्या घरात एक किटबॅग असतेच. अडचण एवढीच की नेट्स लांब, शाळा-क्लास करून तिथं पोचेपर्यंत अंधार, आणि रात्रीची टर्फं सगळी मोठ्या पोरांनी बुक केलेली, तासाचे पैसे मोजायचे आणि बॅटिंग मिळायची दहा मिनिटं.

सुरुवातीला घरात मतं तीन होती. नवऱ्याला बॅडमिंटन हवं होतं, दिराला पिकलबॉल, कारण हल्ली ते सगळीकडे सुरू आहे. दोन्ही कोर्टांचं माप एकच, ४४ बाय २०, त्यामुळे दोघंही खूश, एकात दोन होतील म्हणून. पण पिकलबॉलचा तो भोकाभोकांचा प्लास्टिकचा बॉल गवतावर उसळतच नाही, त्याला खाली कडक पाहिजे, अ‍ॅक्रिलिक वगैरे. आणि उघड्यावर बॅडमिंटन म्हणजे वारं सुटलं की फूल शेजारच्यांच्या टाकीवर. लेकीनं नुसतं "मी कुठं खेळू मग" एवढंच विचारलं आणि विषय संपला. क्रिकेट.

आता आमच्या अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझे सासरे, पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेले. आयुष्यभर कालवे आणि बांध बघितलेला माणूस, त्यांना क्रिकेटमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, पण माती म्हटलं की ते खुर्चीतनं उठतात.

पहिला कॉन्ट्रॅक्टर आला तो टॅबलेट घेऊनच. त्यावर थ्री-डी चित्र, हिरवंगार टर्फ, वर लाईटी, कोपऱ्यात एक गोरं कुटुंब हसतंय. म्हणाला, मॅडम खोदायची गरजच नाही, जागा लेव्हल करू, चार इंच पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, मारू, वर टर्फ, आठवड्यात रेडी. मी तर हो म्हणायच्या बेतात. तेवढ्यात अण्णा आतनं स्टीलची टेप घेऊन आले. एप्रिल चालू होता, परड्यातली माती फाटलेली. एका भेगेत त्यांनी टेप सोडली आणि ती जायला लागली की ओ, सहा इंच, नऊ इंच, दीड फुटाला जाऊन टेकली. मग त्या माणसाकडं बघून म्हणाले, "ही काळी हाय. पावसात फुगणार, उन्हात फाटणार. तुमचं चार इंचाचं बिस्किट तिच्यावर किती दिवस टिकंल?" तो म्हणाला, सर आम्ही काँक्रीटमधे लोखंडी जाळी टाकतो ना. अण्णा म्हणाले, टाका की, मग जाळीसकट मोडंल. तो माणूस चहा पिऊन गेला तो परत आला नाही.

ज्यांच्याकडं लाल माती किंवा मुरमाड जमीन आहे त्यांना हा त्रास कळणार नाही, त्यांनी खुशाल वरवर साफ करून बेस घालावा. पण कृष्णाकाठी, आणि सोलापूर म्हणा, नगर-नाशिकचा बराच भाग म्हणा, जिथं काळी कापसाची जमीन आहे तिथं खालची चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते, दरवर्षी, न चुकता. वर काँक्रीटचा पातळ थर असला की तो कुठंतरी उचलला जातो, कुठंतरी खाली पोकळ राहतो आणि मधनं तडकतो. आणि टर्फ म्हणजे कापडच शेवटी, खाली खड्डा पडला की वर खड्डा दिसणारच, त्यात पाणी साठणार, आणि बॉल तिथंच पडून पोरीच्या नडगीला बसणार.

मग ठरलं की दीड फूट काळी काढायची, फूटभर मुरूम भरायचा, वर सहा इंच खडी आणि डस्ट, म्हणजे खडीची भुकटी. हिशोब सोपा आहे, १८०० गुणिले दीड म्हणजे २७०० घनफूट, म्हणजे शंभर घनफुटाचा एक ब्रास धरून २७ ब्रास माती बाहेर आणि तेवढाच माल आत. कागदावर २७ हा आकडा काहीच वाटत नाही. पण ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एक ब्रासची, आणि खोदलेली माती फुगते म्हणून बाहेर जाणाऱ्या खेपा त्याहून जास्त, आणि मुरूम दाबल्यावर बसतो म्हणून आत येणाऱ्या पण जास्त. आमच्या बोळात दिवसभर ट्रॅक्टर. मोठा जेसीबी आत जाईना म्हणून छोटा आणला, तरी मागच्या कंपाऊंडचा तुकडा पाडावा लागलाच. शेजारच्या काकू पहिल्या दिवशी कौतुकानं बघत होत्या, नंतर त्यांनी खिडकी लावून घेतली ती मुरूम पडून पाणी मारेपर्यंत उघडली नाही. माती मात्र फुकट गेली नाही, ओळखीच्या एका शेतकऱ्यानं मळ्यात टाकायला सगळी उचलली, वर आम्हाला वांगी देऊन गेला. एक सांगते, मुरूम घेताना ट्रॅक्टरवाल्याकडं रॉयल्टीची पावती आहे का बघून घ्या, नाहीतर रस्त्यात तलाठ्यानं ट्रॉली अडवली की तुमचं काम तिथंच थांबतं.

मुरूम एकदम फूटभर ओतून रोलर फिरवायचा नाही. अण्णांचा हा मुद्दा एवढा कडक होता की रोलरवाला शेवटी त्यांना साहेब म्हणायला लागला. सहा इंचाचा थर, पाणी, रोलर, मग दुसरा थर. आणि सगळ्यात खाली, काळ्या मातीवर, एक फेल्टसारखं कापड अंथरलं, जिओटेक्स्टाईल म्हणतात त्याला, म्हणजे पावसाळ्यात खालची चिखलमाती वर मुरमात चढत नाही. कडेला जिथं रोलर पोचत नव्हता तिथं गडी धुम्मस मारत होते आणि अण्णा मागं मागं. त्यांची परीक्षा एकच, चपलेची टाच सगळं वजन टाकून रोवायची आणि गोल फिरवायची. खळगा पडला की "परत". बिचारा गडी एका कोपऱ्यात ऐकून ऐकून इतका कावला की शेवटी त्यानंच टाच मारून दाखवली, बघा आजोबा, आता तुम्हीच पडाल पण मुरूम बसणार नाही.

मग पाणी. गावानं २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेत, त्यामुळे इथं कुठलंही बांधकाम काढा, पहिला प्रश्न पाणी कुठं जाणार हाच येतो. टर्फवाले सांगतात की आमच्या गवताला खाली भोकं आहेत, पाणी लगेच जातं. जातं हो, पण जातं कुठं? १८०० स्क्वेअर फुटावर एक इंच पाऊस पडला की ते होतं सव्वाचार हजार लिटर. पूर्वी ते अळू प्यायचं आणि भेगा प्यायच्या. आता खडीतनं खाली उतरून काळ्या मातीवर थांबणार. नवरा म्हणाला शोषखड्डा घेऊ. अण्णा नुसते हसले. काळ्या मातीत शोषखड्डा म्हणजे विहीर, एकदा भरला की भरला. मग बोअरच्या रिचार्जला जोडू असं निघालं, दिसायला फार शहाणपणाचं, पण त्यावर लेकच म्हणाली की आई प्लास्टिकचे धागे बोअरमधे जातील ना. पॉइंट होता. शेवटी २४ फुटाच्या रुंदीत तीन इंचाला किंचित कमी ढाळ दिला, म्हणजे शंभराला एक, उताराच्या कडेनं चर काढून भोकांचा पाईप खडीत पुरला, आणि तो पुढच्या गटारीला नेला, मधे एक चेंबर आणि त्यात जाळी. ती जाळी पहिल्या पावसानंतर उचलली तर मूठभर हिरवा पिंजारा निघाला, नव्या टर्फमधले कापताना सुटलेले धागे. आता एवढे येत नाहीत पण येतात, आणि दर वेळी जाळी झाडताना मला जरा खजील वाटतंच. प्लास्टिक ते प्लास्टिक. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

पीचचा वेगळा किस्सा. नुसत्या खडीवरच्या गवतावर बॉल मेल्यासारखा येतो, बॅटिंग शिकायला काही उपयोग नाही. म्हणून पीचपुरती, २२ यार्ड म्हणजे ६६ फूट लांब, काँक्रीटची पट्टी घातली, जाड, सळईसकट, मुरमाच्या त्या दाबलेल्या बेसवर. तिच्यावर आखूड केसाचं, म्हणजे प्लास्टिकच्या पात्याचं, दहा-बारा एमएमचं मॅट, त्यात वाळू नाही (बाकी गवतात भरतात ती, पुढं येईलच). बाकी सगळीकडं २५ एमएम. पीच मधोमध नाहीये, कंपाऊंडकडं सरकवलंय, आणि लोकांना वाटतं चुकलंय. चुकलं नाही हो. रोल चार मीटरचे नाहीतर दोन मीटरचे येतात, २४ फुटात एक चार मीटरचा, मधे पीचचं दोन मीटर आणि पलीकडं एक दोन मीटरचा कापून, असं बसवलं की सांधे फक्त दोन येतात आणि दोन्ही पीचच्या कडेला, बॉल पडायच्या जागी सांधा नाही. उरलेली सव्वादोन फुटाची पट्टी सासूबाईंनी हापशाजवळ पाय पुसायला टाकली. ७५ फुटात ६६ चं पीच म्हणजे रनअप नाहीच, दोन पावलं आणि टाक. फास्ट बोलिंग ग्राऊंडवर, इथं बॅटिंग आणि स्पिन.

हे असं गवत निघालं कुठनं म्हणून सहज शोधलं तर अमेरिकेत ह्यूस्टनचं छपराचं स्टेडियम, अ‍ॅस्ट्रोडोम. छपराच्या काचांनी खेळाडूंचे डोळे दिपायला लागले म्हणून काचा रंगवल्या, ऊन बंद झालं आणि आतलं खरं गवत मेलं. १९६६ ला तिथं प्लास्टिकचं टाकलं, तेव्हापासनं अ‍ॅस्ट्रोटर्फ. हे जेवताना सांगितलं तर अण्णांनी घास खाली ठेवला. त्यांच्या लेखी अ‍ॅस्ट्रोटर्फ म्हणजे १९७६ चं माँट्रियल. १९७५ ला आपण क्वालालंपूरला गवतावर हॉकीचा वर्ल्डकप जिंकलो आणि पुढच्याच वर्षी ऑलिंपिक पहिल्यांदा टर्फवर झालं तर थेट सातवे. "प्लास्टिकनं आपली हॉकी खाल्ली, आणि तुम्ही ते घरात आणताय." एवढं बोलून दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तेच परत लेव्हल पाईप घेऊन ढाळ तपासत उभे.

गवत निवडायला आम्ही सॅम्पलचे तुकडे गच्चीवर ठेवले होते. कोटेशनं स्क्वेअर फुटाला ६० पासून १२० पर्यंत आली, एवढा फरक का हे कुणी धड सांगत नाही, केसाची उंची सांगतात फक्त. उंचीवर जाऊ नका. तुकडा उलटा करा, मागचं कापड बघा, एक केस चिमटीत धरून जोरात ओढा. एका स्वस्त सॅम्पलचा अख्खा झुपकाच हातात आला, तो बाद. मूठ आवळून सोडा, केस परत उभे राहतात का बघा. तांब्याभर पाणी ओता. आणि दुपारी दोनला अनवाणी उभं राहून बघा. हे कुणीच करत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. खरं गवत पाणी सोडतं म्हणून थंड राहतं, प्लास्टिक नुसतं तापत बसतं, कडक उन्हात साठ डिग्रीच्या पुढं सहज जातं. पाणी मारलं की थंड होतं, पण थोडाच वेळ. आमच्याकडं टर्फ संध्याकाळी सहानंतरचं, यावर उपाय नाही, कुणी कूल टेक्नॉलॉजी वगैरे सांगून पैसे लावत असेल तर आधी त्याला दुपारी त्यावर उभं करा.

गवतात काय भरायचं यावर पण बरंच झालं. फुटबॉलच्या टर्फवर ते काळे रबरी दाणे असतात ना, बुटातनं घरी येतात ते, जुन्या टायरचे. आमच्या कॉन्ट्रॅक्टरला, म्हणजे दुसऱ्या, चांगल्याला, ते थोडे तरी टाकायचे होते, पडल्यावर लागत नाही म्हणून. मी नाही म्हटलं. आधीच तापणारी वस्तू, त्यात काळं रबर, उन्हात वास मारणार आणि पोरं ते घरभर करणार. युरोपनं २०२३ मधेच असल्या दाण्यांवर बंदीचा नियम केलाय, मैदानांना आठ वर्षांची मुदत दिली, २०३१ पर्यंत. आम्ही नुसती सिलिका वाळू टाकली, फुटाला किलोच्या आसपास, म्हणजे पीच सोडून सव्वा टनाहून थोडी जास्त. वाळूनं केस उभे राहतात आणि कापड जागेवर बसतं.

आणि नेमकं या वाळूच्या वेळी २०२५ च्या पावसानं घोळ घातला. आठवत असेल, त्या वर्षी मान्सून मुंबईत २६ मे लाच आला, आणि आमच्याकडं त्याच्या आधीपासनंच रोज वळीव. रोल परड्यात पसरलेले, घड्या जायला उन्हात ठेवावे लागतात, आणि ऊन गायब. सांध्याखाली फूटभर रुंदीची टेप आणि तिच्यावर पीयूचा चिकट, म्हणजे एक प्रकारचा गोंद, असतो, त्याला ओल चालत नाही, बुडबुडे येतात. एक सांधा चिकटवून वर वाळूची पोती रचली आणि तासाभरात आभाळ भरून आलं. घरातल्या सगळ्या ताडपत्र्या, शेजाऱ्यांची गाडीची कव्हरं, शेवटी सासूबाईंच्या लग्नातली सतरंजीसुद्धा बाहेर. सतरंजीला तो हिरवट-पिवळा चिकट लागला तो आजतागायत निघालेला नाही आणि ती गोष्ट मला आजतागायत ऐकायला मिळते. सांधा वाचला. वाळू मात्र ओली, आणि ओली वाळू ब्रशनं आत जातच नाही, वरच गोळे. मग पोती पोर्चमधे आणून फॅनखाली सुकवली, पावसाच्या उघडिपीत थोडी थोडी घालत हे काम रेंगाळलं ते जूनमधे कधीतरी संपलं.

पण त्याच पावसानं खालच्या कामाची परीक्षा घेतली. रात्रभर झोडपून काढलं, सकाळी अण्णा आणि मी छत्र्या घेऊन मागं, पुढच्या रस्त्यावर घोट्याएवढं पाणी आणि परड्यात टर्फवर एक डबकं नाही. चेंबरचं झाकण काढलं तर पाईपातनं पाणी धो धो. अण्णा काही बोलले नाहीत, घरात जाऊन त्यांनी चहात साखर घालून मागितली, डायबेटिस असून.

बॉल अडवायच्या जाळीबद्दल पटकन सांगते, बाजूला आणि वर नायलॉनची, दीड इंची चौकट, खांब लोखंडी. वरची जाळी पैसे वाचवायला गाळू नका, शेजाऱ्यांचं सोलर फुटलं तर त्यात दोन जाळ्या येतात. लाईट चार, १५० वॅटचे, तोंडं खाली वळवलेली, आणि नऊला बंद म्हणजे बंद. पावसाळ्यात त्या लाईटीवर किडे इतके येतात की नऊपर्यंत कुणी थांबतच नाही. खर्चाचं विचाराल तर गवत हा एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी निघाला. बाकी माती, मुरूम, काँक्रीट, लोखंड, जाळी. कोटेशनमधे नुसता टर्फचा रेट देणाऱ्याला हे आधी विचारा.

मेंटेनन्स नाही म्हणतात ते खोटं आहे. पारिजातकाचं काही नाही, फुलं वरच्या वर गोळा होतात. शेवगा मात्र वैरी निघाला. त्याची ती नखाएवढी पानं वाळली की केसांच्या मुळाशी जाऊन बसतात, झाडून निघत नाहीत, ओढून निघत नाहीत. शेवगा तोडायचा विषय काढला तर सासूबाईंनी शेंगांच्या आमटीचा विषय काढला, त्यामुळे शेवगा आहे. अण्णा रोज सकाळी कडक ब्रश घेऊन केसांच्या उलट्या दिशेनं ओढतात, मग ब्लोअर. नाट्यसंगीत लावून. सासूबाईंनी दुपारच्या तापण्याचा उपयोग शोधलाय, जुनी साडी अंथरून त्यावर मिरच्या, साडीच्या चार टोकांना लेकीचे चार बॉल. दोन दिवसात मिरच्या कुडकुडीत. सहाच्या आधी साडी उचलायची एवढा करार झालाय, तो मोडला की खोकत खोकत प्रॅक्टिस.

लेकीचं म्हणाल तर गुडघे आणि कोपरं सोललेली असतात, डाइव्ह मारली की प्लास्टिक चटका देऊन कातडं नेतं, त्यामुळे आता फुल पँट सक्तीची. २ नोव्हेंबर २०२५ ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या पोरींनी वर्ल्डकप जिंकला त्यानंतर परड्यात गर्दी वाढलीय. गल्लीतल्या कधी बॅट न धरलेल्या पोरी येतात, एक तर थेट गजरा घालून आली होती आणि तिनंच लेकीचा मिडल स्टंप उडवला. शेजारच्या काकूंची नातही येते, त्यामुळे आवाजाची तक्रार पण आपोआप मिटली. दीर अजून पिकलबॉलचं नाव काढतो, त्याला पुढच्या पार्किंगचं काँक्रीट दाखवलंय, हवं तर तिथं मारून घे रेषा.

कुणाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर सहानंतर या, स्पाइकचे बूट चालणार नाहीत. आणि तुमच्या परड्यातली मूठभर माती पिशवीतनं घेऊन या, अण्णा बघून सांगतील किती खोदायचं ते.